तिठा आणि चव्हाटा : अभिजात ख्रिस्ती शिक्षणात मुले नेमके काय शिकतात?

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या पश्चिमेकडील महाद्वारावर, १२ व्या शतकाच्या मध्यास कोरलेल्या शिल्पांत, उजवीकडच्या कमानीवर एक बाई बसलेली दिसते. तिच्या एका हातात उघडे पुस्तक आहे, दुसऱ्या हातात छडी आहे आणि पायाशी दोन मुलगे आहेत. एकाचे लक्ष वाचनात आहे, तर दुसरा त्याचे केस ओढण्यात रमला आहे. ही बाई म्हणजे व्याकरणविद्या. तिच्या आसपास तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि घंटांवर हातोडी मारणारी संगीतविद्या अशा आणखी सहा जणी आहेत आणि या सातही जणींच्या मधोमध, मांडीवर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. ज्या कोणी ही मांडणी ठरवली, त्याला असे सांगायचे होते की ग्रीक आणि रोमन लोकांकडून आलेल्या विद्या चर्चच्या दारात परक्या नाहीत आणि वर्गात केस ओढणारा मुलगासुद्धा त्याच दारातून आत येणार आहे.

आज मुख्यतः अमेरिकेत, आणि काही प्रमाणात इतर देशांतही, ज्या शिक्षणाला 'क्लासिकल ख्रिश्चन' शिक्षण म्हटले जाते, त्याचा आराखडा ही कमान डोळ्यांसमोर ठेवली की पटकन समजतो. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना अशा शाळांच्या पाट्या दिसतात, लॅटिन शिकवणारी प्राथमिक शाळा पाहून आश्चर्य वाटते आणि हा सगळा जुन्या काळात परतण्याचा हट्ट आहे की यात काही तथ्य आहे, हे कळत नाही. माझ्या मते यात पुष्कळ तथ्य आहे; परंतु ते पाहण्यासाठी आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा.

'लिबरल आर्ट्स' मधल्या 'लिबरल' चा राजकारणातील उदारमतवादाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये 'लीबर' म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला माणूस. आणि अशा माणसाला शोभणाऱ्या म्हणून त्या मुक्त विद्या, असा खुलासा रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने केला आहे. पोटासाठी शिकायची कौशल्ये वेगळी आणि माणसाला आपला विचार आपण करता यावा म्हणून शिकायच्या विद्या वेगळ्या, असा हा भेद होता. प्राचीन रोममध्ये हे स्वातंत्र्य गुलामांच्या श्रमांवर उभे होते, ही गोष्ट या परंपरेविषयी प्रेमाने लिहितानाही लपवता कामा नये. आजचे शिक्षक त्या शब्दाचा अर्थ मनाच्या स्वातंत्र्यापुरता घेतात आणि प्रत्येक मुलाला या विद्यांचा हक्क आहे असे मानतात.

मुक्त विद्या सात आणि त्यांचे गट दोन. पहिल्या गटाला 'ट्रिव्हियम' म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ तीन वाटा मिळतात ती जागा, म्हणजे आपल्याकडे ज्याला तिठा म्हणतात तेच. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या त्या तीन वाटा. दुसरा गट 'क्वाड्रिव्हियम', म्हणजे चार वाटांचा चव्हाटा. त्यात अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल येतात. तिठ्यावर शब्दांची विद्या मिळते आणि चव्हाट्यावर संख्यांची. संगीत संख्यांमध्ये कसे, हा प्रश्न तंबोरा ऐकलेल्या माणसाला पडू नये. तार निम्म्या लांबीवर दाबून छेडली की वरचा षड्ज मिळतो, दोन तृतीयांशावर पंचम आणि तीन चतुर्थांशावर मध्यम. कानाला गोड लागणाऱ्या स्वरांमागे इतकी साधी गुणोत्तरे असावीत, याचे पायथागोरसच्या अनुयायांना अपार नवल वाटले आणि त्यांनी संगीताला गणिताच्या पंगतीत बसवले. अंकगणित म्हणजे नुसती संख्या, भूमिती म्हणजे अवकाशातली संख्या, संगीत म्हणजे काळातली संख्या आणि खगोल म्हणजे अवकाश आणि काळ या दोहोंत फिरणारी संख्या, अशी ही सुरेख वाटणी आहे.

आता खरा अवघड प्रश्न. ग्रीक कवी होमर आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्या काव्यांत ख्रिस्ती धर्माला मान्य नसलेले देव, त्यांची भांडणे आणि प्रेमप्रकरणे आहेत. मग चर्चने ही काव्ये मुलांच्या हाती का दिली? हा वाद ख्रिस्ती शिक्षणाच्या जन्मापासूनचा आहे. सन २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे ग्रीक विद्येचा ख्रिस्ती श्रद्धेशी, काय संबंध, असा रोखठोक सवाल केला होता. संत जेरोम याला तर ज्वरात स्वप्न पडले. त्यात न्यायासनासमोर उभे असताना त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवले आणि तू ख्रिस्ती नाहीस, रोमन वक्ता सिसरो याचा भक्त आहेस, असे त्याला ऐकावे लागले. दुसऱ्या बाजूला कैसरियाचा बिशप बेसिल तरुणांना सांगत होता की मधमाशी जशी सगळ्याच फुलांवर बसत नाही आणि ज्यांवर बसते त्यांतलेही कामापुरतेच घेते, तसे ग्रीक साहित्य वाचावे.

या वादाला सन ३६२ मध्ये अनपेक्षित वळण लागले. रोमन सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू केली होती. त्याने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात साहित्य शिकवण्यास बंदी घातली. ज्या देवांवर तुमचा विश्वास नाही त्यांची काव्ये तुम्ही कशाला शिकवता, असा त्याचा युक्तिवाद होता. टर्टुलियनचा सवाल खरोखरच सर्वांना पटला असता तर ख्रिस्ती लोकांनी या बंदीचे स्वागत केले असते. घडले उलटेच. नाझियान्झसचा ख्रिस्ती धर्मपंडित ग्रेगरी याने त्यावर संतापून लिहिले. आणि अपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी बायबलमधील कथा ग्रीक काव्याच्या आणि संवादांच्या साच्यात पुन्हा लिहून काढल्या, असे एक जुना इतिहासकार सांगतो. हिरावून घेतल्यावर कळले की ते साहित्य तोवर आपलेच होऊन गेले होते. ज्युलियन पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला आणि बंदी टिकली नाही.

या सगळ्याला सिद्धान्ताचे रूप संत ऑगस्टीनने दिले. मिसर देशातून निघताना इस्राएली लोकांनी मिसरी लोकांचे सोन्यारुप्याचे दागिने बरोबर नेले, ही बायबलच्या निर्गम या पुस्तकातील कथा घेऊन तो म्हणतो की परधर्मीयांच्या ग्रंथांत जे सत्य आहे ते मुळात देवाचेच सोने आहे. ते घ्यावे आणि योग्य कामी लावावे. तरीही त्याच्या मनातली ओढाताण संपलेली नव्हती. आपल्या आत्मकथनात तो लिहितो की शाळकरी वयात आपण व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या मरणावर रडलो, पण देवापासून दुरावत चाललेल्या स्वतःसाठी मात्र डोळ्यांत पाणी आले नाही. अभिजात आणि ख्रिस्ती या दोन शब्दांची जोडी लावली जाते तेव्हा ही ओढाताण त्यात गृहीत असते. ज्या शाळेला ती जाणवत नाही, त्या शाळेने या परंपरेचा वरवरचा मुलामाच घेतला आहे, असे मला वाटते.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याने चार गणिती विद्यांच्या गटाला नाव दिले. सन ७८२ मध्ये यॉर्कचा विद्वान अल्क्विन फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात दाखल झाला आणि ७८९ च्या राजाज्ञेने मठांना आणि बिशपांना मुलांसाठी शाळा काढण्यास सांगितले. तिथे स्तोत्रे, गायन, व्याकरण आणि पंचांगगणित शिकवायचे होते, कारण ईस्टरची तारीख चंद्र आणि सूर्य या दोघांच्या गतीवरून ठरते आणि ती काढता येणारा माणूस प्रत्येक मठाला हवा असे. १५९९ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाने आपल्या विद्यालयांसाठी जी अभ्यासनियमावली पक्की केली, तिच्यात वर्गांची नावेच व्याकरण, मानव्यविद्या आणि वक्तृत्व अशी होती. या शिस्तीत वाढलेला एक माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि रोममध्ये जेझुइट झालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले; त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले आणि त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या गोव्यातील धर्मसत्तेची कठोर बाजू विसरून चालणार नाही. तरीही भाषा आधी व्याकरणाने हस्तगत करायची आणि मग अलंकृत रचना करायची, हा तिठ्याचा क्रम या दोन ग्रंथांत लख्ख दिसतो.

विसाव्या शतकापर्यंत विज्ञान, व्यवसायशिक्षण आणि सार्वत्रिक शाळा यांच्या रेट्यात हा अभ्यासक्रम मागे पडला. त्याला पुन्हा वाचा फोडली ती एका लेखिकेने. गुप्तहेरकथांमुळे गाजलेल्या आणि पुढे इटालियन कवी दान्तेचे भाषांतर करणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे एक व्याख्यान दिले. त्यांची तक्रार अशी होती की आपण मुलांना विषय शिकवतो, पण शिकायचे कसे ते शिकवत नाही. आणि शिकण्याची ती हरवलेली अवजारे मध्ययुगीन ट्रिव्हियममध्ये सापडतात. स्वतःचे बालपण आठवून त्यांनी मुलांच्या तीन अवस्था कल्पिल्या. पहिली पोपटाची, ज्या वयात मुलांना घोकण्यात आणि तालात म्हणण्यात मौज वाटते. दुसरी उलट उत्तरे देण्याची, ज्यात मोठ्यांची चूक पकडण्यासारखा दुसरा आनंद नसतो. तिसरी काव्यमय, ज्यात कुमारवयीन मूल आपल्यापुरते काही म्हणू पाहते. पहिल्या अवस्थेला व्याकरण, दुसरीला तर्क, तिसरीला वक्तृत्व, अशी जोडी त्यांनी लावली.

हे व्याख्यान वाचून अमेरिकेत आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी डग्लस विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये लोगोस नावाची शाळा काढली. विल्सन यांचे त्याविषयीचे पुस्तक १९९१ मध्ये आले आणि त्यानंतरच्या दशकात अशा शाळांची संघटनाही झाली. घरीच मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांनी हा आराखडा विशेष उत्साहाने उचलला. आठवड्यातून एक दिवस एकत्र जमून शिकायचे आणि उरलेले दिवस आईवडिलांनी घरी शिकवायचे, अशी त्यांच्यातल्या अनेकांची पद्धत आहे.

अशा शाळेत तिसरीच्या वर्गात डोकावले तर मुले टेबलावर ताल धरून 'अमो, अमास, अमात' म्हणताना दिसतील. ज्यांनी शाळेत 'रामः रामौ रामाः' चालवले आहे त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला लॅटिनमुळे एक गोष्ट प्रथमच कळते, जी मराठी मुलाला घरबसल्या मिळते. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' या दोन वाक्यांत चावणारा एकच आहे, कारण 'ला' हा प्रत्यय कर्म कोणते ते सांगतो. शब्द कुठेही ठेवा. इंग्रजीत जागा बदलली की चावणारा बदलतो. विभक्ती म्हणजे काय, हे त्या मुलाला लॅटिनमध्ये डोळ्यांनी दिसते आणि आपली स्वतःची भाषाही कुठल्या तरी नियमाने चालते, हे त्याला त्यावरून उमगते. लॅटिनचा आग्रह जुन्या प्रतिष्ठेपायी धरला जातो असे वाटू शकते. माझ्या दृष्टीने त्याचे बळ या शोधात आहे.

सातवी-आठवीत तर्कशास्त्र येते. महाराष्ट्रात तर्कशास्त्र अकरावी-बारावीत, तेही ज्यांनी तो विषय निवडला त्यांनाच भेटते. इथे ते तेरा वर्षांच्या मुलांपुढे येते. समजा फळ्यावर लिहिले आहे : सर्व सज्जन माणसे नेमाने प्रार्थना करतात, हा गृहस्थ नेमाने प्रार्थना करतो, म्हणून हा गृहस्थ सज्जन आहे. धार्मिक घरातल्या मुलाला निष्कर्ष पटकन मान्य होतो. मग कोणीतरी विचारते की सज्जन नसलेली माणसेही प्रार्थना करत असतील तर? दोन वर्तुळे काढली जातात, सज्जनांचे लहान वर्तुळ प्रार्थना करणाऱ्यांच्या मोठ्या वर्तुळात बसते आणि हा गृहस्थ मोठ्या वर्तुळात असूनही लहान वर्तुळाबाहेर असू शकतो, हे दिसून येते. याला अव्याप्त मध्यपदाचा तर्कदोष म्हणतात. ज्या वयात मूल प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालते, त्या वयात त्याच्या हुज्जतीला धार लावून देणे आणि ती धार त्याच्या स्वतःच्या श्रद्धेच्या विषयांवरही चालवू देणे, याला शिक्षकाजवळ धैर्य लागते.

लेखन शिकवण्याची पद्धत मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते. ग्रीक शिक्षकांनी 'प्रोजिम्नास्माटा' नावाची पूर्वतयारीची मालिका बनवली होती. चौथ्या शतकातील अफ्थोनियसच्या पुस्तकात असे चौदा अभ्यास आहेत आणि अनेक अभिजात शाळांनी ते पुन्हा सुरू केले आहेत. सुरुवात बोधकथेपासून होते : तीच कथा थोडक्यात सांगा, मग विस्ताराने सांगा. नंतर एखादे वचन घ्यायचे. शिक्षणाचे मूळ कडू असते पण फळे गोड, हे आयसोक्रेटिसच्या नावावर असलेले वचन त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते म्हणणाऱ्याची प्रशंसा, मग वचन आपल्या शब्दांत, मग ते खरे का याचे कारण, मग उलट असते तर काय, मग एखादी उपमा, मग प्रत्यक्ष उदाहरण, मग जुन्या थोरांची साक्ष आणि शेवटी छोटा समारोप, अशा आठ पायऱ्या मुलाने चढायच्या असतात. पुढे एकाच कथेचे खंडन आणि मंडन दोन्ही करावे लागते. अपोलो देवापासून पळताना डाफ्नी या अप्सरेचे झाड झाले ही ग्रीक कथा असंभाव्य कशी, हे एकदा लिहायचे आणि ती ग्राह्य कशी, हे दुसऱ्यांदा. त्याहून पुढे, पुराणकथेतील चौदा मुले गमावलेली निओबी काय बोलली असेल, ते तिच्या तोंडून लिहायचे. 'माझी सहल' किंवा 'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय फळ्यावर लिहून चाळीस मिनिटे मोकळी देण्यापेक्षा ही शिडी किती तरी दयाळू आहे. मुलाला सुचत नाही तेव्हा त्याच्याकडे प्रतिभा नाही असे ठरवले जात नाही. त्याला पुढची पायरी दाखवली जाते.

मग यात ख्रिस्ती ते काय? रोजची प्रार्थना आणि बायबलचा तास असतोच, पण या शाळांचा दावा त्याहून मोठा आहे. सर्व विषय एकाच निर्मात्याच्या सृष्टीविषयी बोलतात, म्हणून गणित, इतिहास आणि काव्य यांत शेवटी सुसंगती असली पाहिजे, असे त्या मानतात आणि शिक्षणाचा हेतू माहितीपेक्षा सद्गुण आहे, असे सांगतात. दहावीच्या आसपासच्या मुलांना ऑगस्टीनचा नासपतींचा प्रसंग वाचायला दिला जातो. सोळा वर्षांच्या ऑगस्टीनने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळे चोरली, भूक नव्हती, फळेही बरी नव्हती, बहुतेक डुकरांना टाकली. मग चोरी का केली? शिक्षक उत्तर देत नाहीत. एकटा असतो तर केली नसती, हे ऑगस्टीनचे निरीक्षण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आपापली रात्र असते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. सेयर्स यांच्या तीन अवस्था हा इतिहास नाही. मध्ययुगात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. त्यांनी स्वतःही आपले बालमानसशास्त्र शास्त्रशुद्ध असल्याचा दावा केला नव्हता. सहा वर्षांचे मूल फक्त घोकते आणि चौदाव्या वर्षीच त्याला सौंदर्य कळते, हे कोणत्याही आईला पटणार नाही. दुसरी उणीव अशी की तिठा गजबजला आणि चव्हाटा ओस पडला : लॅटिनवर जितका विचार झाला त्या मानाने गणित आणि विज्ञान मुक्त विद्या म्हणून कसे शिकवावे, यावर कमी झाला. चळवळीच्या आतूनच २०१३ मध्ये केव्हिन क्लार्क आणि रवी जैन यांनी आपल्या पुस्तकातून या दोन्ही गोष्टींकडे लक्ष वेधले आणि ट्रिव्हियमच्याही आधी मुलांना भक्तिभाव, शरीराचे शिक्षण आणि गाणे-गोष्टी यांची गरज असते, असे मांडले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सारे ग्रंथ युरोपीय पुरुषांचे, मग इतरांची मुले यात कुठे, असे विचारले जाते. आणि विल्सन यांनी सहलेखकासोबत १९९६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीची भलामण करणारी पुस्तिका लिहिली, तिच्यावर इतिहासकारांनी केलेली कठोर टीका या आक्षेपाला बळ देते. तो आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. पण या विद्येची मालकी कोणा एका गटाकडे कधीच नव्हती. गुलामगिरीत जन्मलेल्या अ‍ॅना ज्युलिया कूपर वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या शाळेत लॅटिन शिकवत होत्या आणि आपल्या विद्यार्थ्यांना अभिजात अभ्यासक्रमच मिळावा यासाठी झगडत होत्या. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १८९० च्या दशकात विल्बरफोर्स विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकवले आणि कृष्णवर्णीय मुलांना केवळ हातकामाचे शिक्षण पुरे, या मताशी ते जाहीरपणे भांडले. ज्यांना स्वातंत्र्य नाकारले गेले होते त्यांनीच मुक्त विद्यांचा अर्थ सर्वांत गांभीर्याने घेतला, असे हा इतिहास वाचताना जाणवते.

व्यवहाराच्या प्रश्नांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. या शाळा बहुधा खासगी असल्यामुळे फी भरावी लागते. पुष्कळ शाळा पालकांकडून श्रद्धेविषयी स्पष्ट अपेक्षा ठेवतात, त्यामुळे अन्य धर्मीय कुटुंबाने प्रवेशापूर्वी त्यांचे श्रद्धापत्र वाचलेले बरे. धर्मनिरपेक्ष अभिजात शाळाही अमेरिकेत आहेत. महाविद्यालयीन प्रवेशासाठी २०१५ मध्ये 'क्लासिक लर्निंग टेस्ट' ही परीक्षा सुरू झाली आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी ती मान्य केली.

शाळेच्या शेवटच्या वर्षी बऱ्याच ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागतो. विषय त्याचा, मार्गदर्शक शिक्षक एक, आणि काही महिन्यांच्या वाचनानंतर तो प्रबंध परीक्षकांसमोर उभे राहून मांडायचा असतो. मांडणी पाठ केलेली चालते; पण त्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे पाठ करता येत नाहीत. तिसरीत टेबलावर ताल धरलेला तो मुलगा किंवा ती मुलगी आता सतरा-अठरा वर्षांची असते, व्यासपीठाच्या कडा घट्ट धरून उभी असते आणि तिच्या युक्तिवादातले दुसरे गृहीतक कोणी तरी नुकतेच हलवून पाहिलेले असते. ती क्षणभर थांबते, प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा सांगून आपल्याला तो नीट कळला ना, याची खात्री करून घेते आणि मग उत्तर द्यायला लागते.